ल्युपस, मरायचं राहून गेलेल्या पेशी आणि ‘तुमच्याकडून आलं’ हा आरोप

तलावपाळी | रविवार, रात्री ९:४०

धाकट्या बहिणीला ल्युपस आहे हे कळून आता सहा वर्षं झाली. ती नेरूळला राहते, मी नौपाड्यात. गेल्या महिन्यात तिच्याकडे हळदीकुंकू होतं. सासरच्या नात्यातल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हे तुमच्या माहेरच्या रक्तातलंच असणार. हल्ली सगळं जीन्समध्येच निघतं.” बहीण कपात चहा ओतत होती, ती ओतत राहिली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तरी मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मलाच नीट माहीत नव्हतं. त्या दिवसापासून रोज रात्री तासभर वाचते आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते. कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर माझ्यासारखं गप्प बसावं लागू नये.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, हे आपण ऐकलेलं असतं. पण ती उलटते नेमकी कशावर? बहुतेक वेळा पेशीच्या केंद्रकातल्या मालावर, म्हणजे डीएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांवर. एएनए आणि डीएस-डीएनए या रक्ततपासण्या त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) शोधण्यासाठीच असतात. मला अडलं ते इथेच. केंद्रक तर पेशीच्या आत बंद असतं. प्रतिकारशक्तीला ते दिसलंच कसं?

दिसतं ते पेशी मरते तेव्हा.

आपल्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी मरतात, आणि त्यातल्या बहुतेक ठरल्याप्रमाणे मरतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या शिस्तीतल्या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. येऊरला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर साग उघडे पडलेले दिसतील. वारा त्यांची पानं ओरबाडत नाही, झाड स्वतः देठाशी पानाचा निरोप घेतं. पेशीही तसंच करते. आतला डीएनए तुकडे करून बांधते, आवरणाचे फुगे काढते आणि छोट्या पुडक्यांत वाटली जाते. भक्षक पेशी ती पुडकी गिळतात. काही सांडत नाही, सूज येत नाही.

हे जनुकं ठरवतात, याचा पुरावा एका मिलीमीटरभर लांबीच्या किड्यात सापडला. त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं ते या किड्यावरच्या कामासाठी.

आता ल्युपसकडे येते. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात उंदरांचा एक वाण मिळाला होता. चार-पाच महिन्यांत त्यांच्या गाठी सुजत, रक्तात डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं दिसत आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ते मरत. हुबेहूब ल्युपस. १९९२ साली जपानमध्ये नागाता यांच्या गटाने त्यामागचं बिघडलेलं जनुक दाखवून दिलं. त्याचं नाव फास. फास हे पांढऱ्या पेशीच्या अंगावरचं बटण आहे. काम संपलं की दुसरी पेशी येऊन ते दाबते आणि पहिली पेशी मरते. त्या उंदरांत बटणच नीट बनत नव्हतं. संसर्ग संपला तरी लढायला निघालेल्या पेशी घरी परतत नव्हत्या, मरतही नव्हत्या. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, बटण दाबणाऱ्या प्रथिनाचं जनुक बिघडलेला दुसरा वाणही उलगडला. रोग तसाच.

हे वाचून मला वाटलं, सापडलं की कारण! मग पुढचं वाचलं. माणसांच्या ल्युपसमध्ये फासमधला बिघाड जवळजवळ कधीच सापडत नाही. बटण दाबणाऱ्या प्रथिनातला दोष ल्युपसच्या एका रुग्णात मिळाल्याची नोंद १९९६ ची आहे. ती इतकी वेगळी होती की आजही तिचा उल्लेख होतो. बाकीच्या रुग्णांत शंभरहून जास्त जागी लहान लहान फरक सापडले आहेत. प्रत्येकाने धोका थोडासाच वाढतो, आणि यातले कित्येक फरक तुमच्या-माझ्यातही असतील. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत सारखी असतात. तरी एकीला ल्युपस झाला तर दुसरीला तो होण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात चारात एक निघालं. उरलेल्या तिघींकडे तीच जनुकं होती, पण आजार आला नाही.

त्या बाईंना आज मी एवढंच सांगेन की रक्तातून येतो तो थोडासा कल. आजार ‘दिला’ असं कुणाच्याही माहेराला म्हणता येत नाही.

घोडबंदर२० | रविवार, रात्री १०:१५

ताई, खूप आभार. माझ्या वहिनीला आहे, म्हणून विचारतो. पेशी मरत नाहीत म्हणजे कॅन्सरच झाला की. मग ल्युपस आणि कॅन्सर यांत फरक काय?

आणि दुसरं, मला समजलं ते बरोबर आहे का बघा. आमच्या सोसायटीत घंटागाडी दोन दिवस आली नाही तर कचरा कुजतो आणि सगळी बिल्डिंग आजारी पडते. तसंच का?

तलावपाळी | रविवार, रात्री १०:५०

पहिला प्रश्न फार नेमका आहे. बीसीएल-२ नावाचं जनुक सापडलं ते रक्ताच्या एका कॅन्सरमधून, फॉलिक्युलर लिम्फोमातून. ते पेशीला वाढ म्हणत नाही, फक्त ‘मरू नकोस’ म्हणतं. मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. त्यांनीच पुढे उंदरांच्या बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, हे जनुक जास्त चालू ठेवलं, तर त्या उंदरांना ल्युपससारखा मूत्रपिंडाचा आजार झाला. बीसीएल-२ ला आवरणारं बिम नावाचं जनुक काढून टाकलं तेव्हाही तसंच. म्हणजे मुळाशी दोन्ही आजार शेजारी आहेत. फरक इतका की कॅन्सरमध्ये एकाच पेशीची पिलावळ बेफाम वाढते. इथे मरायला हव्या होत्या अशा वेगवेगळ्या अनेक पेशी जगून राहतात आणि त्यातल्या काही नेमक्या आपल्याच शरीराला ओळखणाऱ्या निघतात. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त तिथेच मारल्या जातात. कुणाला जगू द्यायचं याची ती चाळणी आहे.

घंटागाडीची उपमा मला आवडली, उद्या वर्गात वापरेन. फक्त एक भर घालते. कचरा कुजतो म्हणून आजार होतो असं इथे नाही. न उचललेली पुडकी फुटतात आणि आतला डीएनए-आरएनए उघड्यावर पडतो. शरीराच्या दृष्टीने उघड्यावरचा डीएनए म्हणजे विषाणू घुसल्याची खूण. मग इंटरफेरॉन सुटतो, म्हणजे विषाणूशी लढायची दवंडी. शत्रू आलेलाच नसतो, पण दवंडी थांबत नाही. ताप, थकवा आणि अंगदुखी फ्लूसारखी वाटते ती त्यामुळेच. माझी बहीण पहिलं वर्षभर “मला सतत ताप येणारसं वाटतं” म्हणायची आणि आम्ही तिला थर्मामीटर दाखवून गप्प करायचो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सूक्ष्मदर्शक | सोमवार, सकाळी ६:३०

मी वाशीचा. अडतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता निवृत्त. मॅडमनी लिहिलेलं वाचून रात्री झोप लागेना, कारण यातला एक भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

एएनए सगळीकडे होऊ लागण्याआधी आम्ही ‘एलई सेल’ बघायचो. रुग्णाचं रक्त गोठू द्यायचं, काही वेळ शरीराच्या तापमानाला ठेवायचं, मग ती गुठळी बारीक चाळणीतून दाबून काढायची. फिरवून वरचा पांढऱ्या पेशींचा थर काचेवर पसरायचा आणि रंग द्यायचा. मग तासन्‌तास नजर. शेवटी एखादी पेशी दिसायची. पांढरी पेशीच, पण तिच्या पोटात एक मोठा गुळगुळीत जांभळा गोळा आणि तिचं स्वतःचं केंद्रक कडेला ढकललेलं. १९४८ साली मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्ह्ज यांनी ती पहिल्यांदा दाखवली.

तो जांभळा गोळा म्हणजे दुसऱ्या मेलेल्या पेशीचं केंद्रक. त्यावर प्रतिपिंडं चिकटलेली, आणि जिवंत पेशी ते गिळून बसलेली. म्हणजे मॅडम म्हणतात तो सगळा प्रकार आमच्या काचेवर होता. आम्ही “पॉझिटिव्ह” लिहून काच बाजूला ठेवायचो. ती मेलेली पेशी तिथे का पडून राहिली, हे विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही. जर्मनीतल्या एका गटाने १९९८ साली दाखवलं की ल्युपसच्या अनेक रुग्णांच्या भक्षक पेशी मेलेल्या पेशी उचलण्यात कमी पडतात.

एक सूचना वयाच्या अधिकाराने करतो. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस असं समजून कुणी घाबरू नये. १:८० या पातळीला, म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ करून तपासला तरी, निरोगी माणसांतही शंभरात तेरा जणांचा एएनए पॉझिटिव्ह येतो, १:१६० ला पाच जणांचा. लक्षणं नसताना पॅकेजमध्ये करून घेतलेल्या एएनएने घरांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

अनघा_ऐरोली | सोमवार, दुपारी १:०५

माझ्या जावेला ल्युपस आहे. घरातले तिला प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा देतात, सोबत बाजारातली कसली कसली ‘इम्युनिटी’ची पावडरही. वरचं वाचून भीती वाटायला लागली. थांबवायला सांगू का?

तलावपाळी | सोमवार, दुपारी ४:२०

तिच्या संधिवाततज्ज्ञांना आजच फोन करून काढा आणि पावडर दोन्हींबद्दल सांगा, डबा समोर ठेवून नाव वाचून दाखवा. मी डॉक्टर नाही, पण या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिची दवंडी थांबत नसते. ती आणखी ढवळून काय साधणार? २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटल्याने होते तशी, दिसत होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नव्हता, हेही सांगायला हवं. पण ज्या घरात आधीच ऑटोइम्यून आजार आहे तिथे डॉक्टरांपासून लपवून काहीच नको. घरच्यांना दोष देऊ नका, त्यांनी मायेनेच दिलेलं असणार.

माजिवडा | सोमवार, रात्री ८:१०

मला अकरा वर्षं आमवात आहे आणि आईला हाशिमोटो, म्हणजे थायरॉइडचा. हे सगळे एकाच माळेतले का?

तलावपाळी | सोमवार, रात्री ९:३०

एकाच माळेतले म्हणतात, पण मरणाच्या बाजूने पाहिलं तर बरेच वेगळे. आमवातात सांध्याच्या अस्तरातल्या काही पेशी फासचं बटण दाबूनही सहज मरत नाहीत. अस्तर जाड होतं आणि हाडाकडे सरकतं. हाशिमोटोत उलटं. तिथे थायरॉइडच्या पेशींवर बटणं जास्त उगवलेली दिसतात आणि जगायला हव्या त्या पेशी मरतात. टाइप १ मधुमेहातही तसंच, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या जातात. एकीकडे मरण कमी पडतं, दुसरीकडे जास्त होतं. म्हणून “ऑटोइम्यूनवर एकच औषध” असं कुणी विकत असेल तर दार लावून घ्या.

कळव्याची आई | सोमवार, रात्री ११:५५

मी इथे वाचते, लिहीत नाही. पण फास हे नाव वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या मुलाला फासच आहे.

तो दोन वर्षांचा असताना मानेत गाठी आल्या, लिंबाएवढ्या. पोट फुगलेलं, प्लीहा वाढलेली. आपल्याकडे गाठ म्हटली की पहिल्यांदा टीबी. एका रुग्णालयात सहा महिने टीबीची औषधं दिली. गाठी तशाच. मग कॅन्सर म्हणून गाठ काढून तपासली, त्यात कॅन्सर नाही. “मग आहे काय?” याला उत्तर नाही. अडीच वर्षांचा असताना प्लेटलेट्स आठ हजारांवर आल्या. अंगावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त. त्या रात्री कळव्याहून रिक्षाने निघालो तेव्हा मी त्याच्या नाकाला पदर लावून बसले होते, आणि माझे मिस्टर सिग्नलला उतरून पुढच्या गाड्यांना हात करत होते.

नंतर मुंबईत एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं, “गाठी कधी कमी-जास्त होतात का? घरात आणखी कुणाला लहानपणी अशा गाठी होत्या?” आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, “याच्या बापाला होत्या की. मोठा झाला आणि गेल्या.” तोपर्यंत हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

मग रक्ताची एक वेगळी तपासणी झाली. ज्या टी-पेशींवर सीडी४ आणि सीडी८ यांपैकी एकही खूण नसते त्या मोजतात. निरोगी माणसात त्या अगदी थोड्या असतात, याच्यात कितीतरी पट. नंतर जनुकाची तपासणी केली, फासमध्ये बदल निघाला. आजाराचं नाव एएलपीएस. माझ्या मिस्टरांमध्येही तोच बदल आहे. यांना काही त्रास नाही, याला एवढा. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात असं होतं, तोच बदल एकाच घरात एकाला आडवा करतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही.

माझे मिस्टर त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. “मी दिलं त्याला,” म्हणाले. ताई, तुमच्या बहिणीला ज्या बाई बोलल्या त्यांना सांगा, ज्या घरात खरंच एका जनुकाने दिलं आहे ना, तिथेही कुणी कुणाला बोलत नसतं. माझ्या सासूबाईंनी यांना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुला मी दिलं असेल. चल, त्याला भूक लागली असेल.”

आता तो नऊ वर्षांचा आहे. सिरोलिमस नावाचं औषध चालू आहे, गाठी खूप कमी झाल्या, प्लेटलेट्स टिकून आहेत. दर काही महिन्यांनी तपासण्या, कारण या मुलांना लिम्फोमाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पोटावर मार बसू नये म्हणून कबड्डी बंद. कॅरम खेळतो आणि मला हरवतो.

घोडबंदर२० | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, वाचून डोळे भरून आले. मुलाला खूप आशीर्वाद.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ७:३५

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या डॉक्टरांनी विचारलेले ते दोन प्रश्न इथे ठळकपणे नोंदलेले राहू देत. महिनोन्‌महिने न जाणाऱ्या गाठी, वाढलेली प्लीहा आणि वारंवार कमी होणाऱ्या रक्तपेशी हे तिन्ही एका मुलात एकत्र दिसले आणि टीबी-कॅन्सर निघाला नाही, तर एएलपीएसचं नाव डॉक्टरांसमोर घ्यायला हरकत नाही. १९९५ मध्ये याचं जनुक कळलं. उंदरांना फासच्या बिघाडाने ल्युपस झाला, पण माणसांच्या मुलांना मुख्यतः रक्तपेशींवरचा हल्ला आणि गाठी झाल्या. उंदरावरून माणूस वाचताना किती जपून राहावं लागतं ते बघा.

एकाच जनुकाने माणसाला खरा ल्युपस होतो अशी उदाहरणं आहेत, आणि त्यातली बरीच मरणानंतरच्या आवराआवरीची आहेत. सी१क्यू हे प्रथिन मेलेल्या पेशीवर बसून ‘ही उचला’ अशी खूण करतं. ज्यांच्यात ते मुळातच बनत नाही, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना ल्युपस होतो. इतका पक्का संबंध दुसऱ्या कुठल्याच जनुकाचा नाही, पण अशी माणसं जगात फार थोडी. डीएनेझ१एल३ हे सांडलेला डीएनए कापणारं एन्झाइम. त्याचा दोष २०११ मध्ये सौदी अरेबियातल्या काही कुटुंबांत सापडला, लहान वयातच ल्युपस झालेल्या मुलांमध्ये. ट्रेक्स१ पेशीच्या आतला भरकटलेला डीएनए साफ करतं. ते बिघडलं तर थंडीत बोटं-कान लाल होऊन सुजणारा ल्युपसचा एक घराण्यात चालणारा प्रकार होतो.

सी१क्यू आणि डीएनेझ१एल३ या दोन्हींत दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्नं होतात, म्हणून सांगते. अशा घरात पाच-सात वर्षांच्या मुलाला ल्युपस झाला तर जनुकतपासणीचा विचार नक्की करावा. माझ्या बहिणीसारख्या पंचविशीत आजार सुरू झालेल्या बाईला त्या तपासणीने उपचारात सहसा फरक पडत नाही. तिच्या डॉक्टरांनी हेच सांगून आमचे पैसे वाचवले.

खारघर_डोंगर | मंगळवार, रात्री १०:०५

मी इम्युनॉलॉजीत पीएचडी करतो. ताईंनी जनुकांबद्दल लिहिलंय त्यात एक जोडतो. दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात, याचा एक धागा एक्स गुणसूत्रात आहे. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात, एक बंद ठेवला जातो. पण टीएलआर७ हे आरएनए हुंगणारं जनुक काही पेशींत त्या बंद एक्सवरूनही चालू राहतं. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत टीएलआर७ चं एकच अक्षर बदललेलं सापडलं. तेवढ्याने तिला सात वर्षांची असताना ल्युपस झाला होता.

आणि उपचारांबद्दल. बी-पेशी जगवणारा निरोप अडवणारं बेलिम्युमॅब २०११ पासून वापरात आहे. पण मला जास्त ओढ आहे ती कार-टी ची. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना सीडी१९ ही बी-पेशींवरची खूण ओळखायला शिकवून परत सोडायच्या. त्या बी-पेशींना गाठून त्यांच्या आतली अपॉप्टोसिसचीच यंत्रणा चालू करतात. जर्मनीत एर्लांगेनला २०२१ मध्ये वीस वर्षांच्या एका ल्युपस रुग्ण मुलीवर हे पहिल्यांदा झालं. २०२४ पर्यंतच्या १५ रुग्णांत ८ ल्युपसचे होते, आणि त्या आठही जणांची बाकी औषधं थांबवता आली. बी-पेशी साधारण साडेतीन महिन्यांनी परत आल्या, पण कोऱ्या, जुना राग विसरलेल्या.

आपल्याला हे लांबचं वाटतं. पण भारताची पहिली कार-टी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केली. तिच्या रुग्ण-चाचण्या टाटाच्या खारघरच्या संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्येही झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या भागात. ती परवानगी रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, ल्युपससाठी नाही, हे कृपया नीट वाचा आणि उद्या कुणी फाइल घेऊन तिकडे धावू नका. पण तिचंही लक्ष्य सीडी१९ च आहे. घराजवळून जाताना ती इमारत दिसली की मला फार बरं वाटतं.

तलावपाळी | मंगळवार, रात्री १०:४०

मलाही वाटलं, हे वाचून. पण आजच्या दोन साध्या गोष्टींबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते लिहिते.

पहिली गोष्ट ऊन. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, प्रत्येकाच्याच. १९९४ मध्ये दिसलं की अशा मरणाऱ्या पेशींच्या आवरणावर जे फुगे येतात त्यांतच ‘रो’सारखी केंद्रकातली प्रथिनं गोळा होतात. ल्युपसमध्ये ज्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात, तीच. म्हणजे ऊन लागलं की आतला माल बाहेरच्या फळीवर मांडला जातो. बहीण नेरूळ स्टेशनपर्यंत कोरड्या दिवसांतही छत्री घेऊन चालते. शेजारी विचारतात, “पाऊस कुठाय?” तिला आता मी हे कारण सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही गोळी पेशीच्या आत, टीएलआर७ आणि टीएलआर९ जिथे डीएनए-आरएनए हुंगतात, तिथेच त्यांना अडवते. दवंडी पिटणाऱ्याच्या हातातली टिपरूच काढून घेते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोविडमुळे ती दुकानांतून नाहीशी झाली. नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड असं सगळं पायी पालथं घालून मी दोन पट्ट्या मिळवल्या होत्या. मध्यंतरी तिने ती गोळी स्वतःहून बंद केली. केमिस्ट म्हणाला होता की याने डोळे जातात. मात्रा वजनानुसार दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवली आणि डोळे सुरुवातीला, मग पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासले, तर तो धोका कमी राहतो. गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांत तिच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली.

नेरूळ_पूर्व | बुधवार, सकाळी ११:२०

मी ती धाकटी बहीण. ताईने लिंक पाठवली, काल रात्री सगळं वाचलं.

एक दुरुस्ती. गोळी मी केमिस्टमुळे बंद केली नव्हती. ताईला तसं सांगितलं होतं. लग्न ठरत होतं आणि कुणाच्या समोर गोळी घ्यायची नव्हती, म्हणून बंद केली. मूत्रपिंडावर गेलं ते त्यानंतर. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण कळव्याच्या ताईंच्या सासूबाईंबद्दल वाचलं. माझ्या नवऱ्याला मी काल रात्री हेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मला तेव्हाच सांगायचंस.”

आता माझा प्रश्न. आम्हाला मूल हवं आहे. माझा ‘रो’ पॉझिटिव्ह आहे. त्याने बाळाच्या हृदयाला काही होतं असं ऐकलं. खरं आहे का?

खारघर_डोंगर | बुधवार, दुपारी २:१५

आधी धीर देणारा आकडा सांगतो. रो पॉझिटिव्ह आयांपैकी साधारण दोन टक्क्यांच्या बाळात हृदयाचा ब्लॉक होतो (ठोक्याचा संदेश हृदयात मध्येच अडतो), म्हणजे अठ्ठ्याण्णव जणींच्या बाळांना तो होत नाही. कारणही याच धाग्यातलं आहे. गर्भात हृदय घडताना काही पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, त्यांच्या आवरणावर रो प्रथिन येतं. आईची प्रतिपिंडं वारेतून जाऊन त्यावर बसतात आणि भक्षक पेशी शांतपणे गिळायच्या ऐवजी भडकतात. नाजूक काळ साधारण १८ ते २४ आठवडे. म्हणून साधारण त्या काळात बाळाच्या हृदयाची वारंवार इको करतात. ज्यांच्या आधीच्या बाळाला ब्लॉक झाला होता अशा आयांत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने पुन्हा होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यामुळे ती गोळी गरोदरपणात बंद करायची नसते, डॉक्टर ती मुद्दाम चालू ठेवतात.

सूक्ष्मदर्शक | बुधवार, दुपारी ३:००

बेटा, मूत्रपिंडासाठी मायकोफेनोलेट चालू आहे का? असेल तर दिवस राहण्याआधी किमान सहा आठवडे ते बदलावं लागतं, बाळाला घातक असतं. त्याऐवजी बहुधा अझाथायोप्रिन देतात. आणि आजार सहा महिने शांत असावा लागतो. स्वतःहून एकही गोळी इकडची तिकडे करू नकोस.

नेरूळ_पूर्व | बुधवार, दुपारी ३:४०

हो काका, मायकोफेनोलेटच चालू आहे. लघवीतली प्रथिनं जानेवारीपासून नॉर्मल आहेत. मंगळवारी अपॉइंटमेंट घेतली आहे, नवरा सुट्टी काढतोय. ताई, तूही ये. ठाण्याहून सकाळची लवकरची गाडी पकड, नंतर बसायला जागा मिळत नाही.